चोख भाषांतर झालं म्हणून चाचणी न्याय्य होत नाही

बुद्धिमत्तेच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांबद्दल एक दावा वारंवार केला जातो. इंग्रजी चाचणीचं स्पॅनिशमध्ये चोख भाषांतर करा, ते पुन्हा इंग्रजीत आणून मूळ मजकुराशी ताडून पाहा, की चाचणी दोघांसाठी सारखी झाली. तरीही स्पॅनिश भाषकांना गुण कमी पडले, तर कमतरता त्यांच्यातच. हा दावा पायरीपायरीवर चुकतो, आणि त्याचा फटका लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बसतो.

आधी चोख भाषांतराचं बघू. आकडे ऐकून त्याच क्रमाने परत म्हणायचे, याहून भाषांतराला सोपं काय असणार? पण इंग्रजीत एक ते नऊमध्ये फक्त ‘सेव्हन’ला दोन उच्चारखंड आहेत. स्पॅनिशमध्ये उनो, क्वात्रो, सिंको, सिएते, ओचो, नुएवे असे नऊपैकी सहा आकडे दोन खंडांचे. साधारण दोन सेकंदांत जेवढं मनात म्हणता येतं, तेवढंच आपल्या तात्पुरत्या स्मृतीत टिकतं. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी भाषकांना सरासरी सातच्या थोडे वर आकडे आठवले, स्पॅनिश भाषकांना सहा-साडेसहाच्या आसपास. स्मरणशक्ती कमी नव्हती, आकडे लांब होते. (मराठीत सहा आणि नऊ सोडले तर बाकीचे आकडे एका खंडाचे. म्हणजे या चाचणीत आपल्याला अलगद फायदा मिळेल, तोही बुद्धीमुळे नाही.) मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगण्याच्या चाचणीतही हेच दिसलं. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांची तुलना केली तेव्हा व्हिएतनामी भाषक सगळ्यांत पुढे होते आणि स्पॅनिश भाषक सगळ्यांत मागे. व्हिएतनामीत प्राण्यांची नावं आखूड असतात.

भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडलं, की अर्थ तपासला जातो, अवघडपणा नाही. शब्द उलट्या क्रमाने स्पेल करायला सांगितला, तर स्पॅनिशमध्ये उच्चारावरून अक्षरं बहुतेक कळतात. इंग्रजीत ती पाठ असावी लागतात.

पण खरी मेख आहे मानकांत, म्हणजे मिळालेले गुण कोणाच्या गुणांशी ताडायचे त्या तक्त्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या प्रौढांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीची स्पॅनिश आवृत्ती 1968 मध्ये आली. तिची मानकं पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या स्पॅनिश भाषक बेटावरच्या, बऱ्याच अंशी ग्रामीण आणि कमी शिकलेल्या लोकांवरून काढली होती. परिणाम असा, की तीच व्यक्ती इंग्रजी चाचणीपेक्षा या चाचणीत बरीच हुशार ठरायची. कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? तक्रार ही, की ज्याला बौद्धिक अक्षमतेमुळे मदतीची गरज आहे, ज्याचा मेंदू आजाराने खरोखर थकत चालला आहे, तो कागदावर ठणठणीत दिसतो आणि मदतीपासून वंचित राहतो. ही मानकं बदलणारी नवी आवृत्ती यायला 2008 उजाडलं. चाळीस वर्षं! इतका काळ एक सदोष तक्ता माणसांचं भवितव्य ठरवत राहतो, हे मला अस्वस्थ करतं.

आणि ‘कमतरता त्यांच्यातच’ हे गृहीत धरल्यावर काय होतं, ते कॅलिफोर्नियाने पाहिलं आहे. तिथे मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजी चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. त्यांच्या दोन्ही भाषांत पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बहुतेकांचा बुद्ध्यांक त्या वर्गाच्या मर्यादेबाहेर गेला. 1970 मध्ये या मुलांच्या वतीने लढलेल्या ‘डायना’ खटल्यातल्या तडजोडीनंतर मुलांना त्यांच्या मातृभाषेतही तपासणं शाळांना भाग पडलं.

दुभाषिक माणसाचा शब्दसाठा दोन भाषांत वाटलेला असतो, म्हणून कोणत्याही एका भाषेतली चाचणी त्याला निम्मीच पाहते. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांनाही हे लागू आहे.

यातून वाट काढता येते, पण कष्ट पडतात. व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात धारवाडला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी कानडी-मराठीत आणली, तेव्हा ते भाषांतरावर थांबले नाहीत; तिथल्या मुलांवर ती घेऊन कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो ते नव्याने ठरवलं. मात्र ती मानकंही आता जुनी झाली आहेत. मुलाचा अहवाल हातात आला, की मानसशास्त्रज्ञांना आधी हेच विचारा: मानकं कोणत्या मुलांची आणि कोणत्या साली काढलेली?