खड्डा खणणाऱ्याचं कोण बोलणार?

आमच्या गावच्या ग्रुपवर सध्या दहन की दफन यावरून जुंपलीय. एकाने लिहिलं, जमीन उरलीय कुठे, सगळ्यांनी दहनच करा, विषय कट. दुसऱ्याने लगेच लाकडांचा हिशोब मांडला, तिसरा म्हणाला गॅसदाहिनी आणा, आणि मग कोणीतरी नेहमीसारखं "परदेशात बघा, दफनभूमी म्हणजे अगदी बाग असते" म्हणून मला टॅग केलं. मी इंग्लंडात राहते म्हणजे इथल्या मयतांचीही माझ्याकडे खबर असणार असा समज आहे, आणि खरं सांगायचं तर थोडीफार आहेच.

पण आधी घरचं. दफन म्हणजे "त्यांचं" असं जे चाललंय ते बंद करा राव. लिंगायतांच्यात बसवून पुरतात, गोसाव्यांना समाधी देतात, तान्हं मूल गेलं तर बहुतेक घरांत पुरतातच. सगळ्यांना एकच पद्धत लावायचा प्रयोग मुंबई महापालिकेने करून पाहिलाय, 30 मार्च 2020 ला कोविडचं मयत कुठल्याही धर्माचं असो जाळायचंच असा आदेश काढला आणि त्याच दिवशी गुंडाळला, पुढे बांद्र्याच्या दफनभूमींवरून प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हाही मे महिन्यात निकाल दफनाच्याच बाजूने लागला. असो.

माझं म्हणणं वेगळंच आहे. इतके मेसेज झाले, जमीन झाली, झाडं झाली, धर्म झाला, पण खड्डा खणतो कोण, सरण रचतो कोण आणि त्याला मिळतात किती, हे एकानेही विचारलं नाही.

गावाकडे आम्हा बायकांना स्मशानात नेतच नाहीत, त्यामुळे खणलेली कबर जवळून पहिल्यांदा पाहिली ती इथे मँचेस्टरला, ऑफिसातल्या एकीचे वडील गेले तेव्हा. जाण्यापासून पुरण्यापर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले, इथे एवढे लागतातच, डॉक्टरचे कागद, नोंदणी, तारीख मिळणं, आणि तोवर ती मधेमधे ऑफिसला येत होती आणि आम्ही सगळे तिच्याशी प्रिंटरबद्दल बोलत होतो. कबरीच्या कडेने हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं, उपसलेल्या मातीच्या ढिगावरसुद्धा तेच, म्हणजे माती कुणाच्या नजरेला पडायलाच नको. पेटी खाली सोडली, पाद्री बोलला, लोक सँडविच खायला निघून गेले. मी जरा रेंगाळले तर लांब झाडांच्या आड पिवळ्या जॅकेटातले दोघे छोटं खोदाईचं मशीन बंद करून उभे, आम्ही कधी हलतोय याची वाट बघत. घरचे गेल्याशिवाय पुढे यायचं नाही हा त्यांच्या कामाचाच भाग. त्यातला एक गप्पिष्ट निघाला. म्हणाला, खणण्याचं काही नाही, बाजू ढासळली की माणूस जातो, म्हणून आतून आधार लावल्याशिवाय आम्ही उतरत नाही. कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची नोकरी, पेन्शन, युनियन, सगळं आहे. मी आपल्याकडच्या खोडीने विचारलं, वडीलही हेच करायचे का? तर म्हणाला छे, वडील बस चालवायचे.

नंतर एका जमैकन शेजारणीची आई गेली तेव्हा मात्र भलतंच बघितलं. पुरुषांनी कोट काढून झाडाला अडकवले, हातात फावडी घेतली, बायका चर्चची गाणी म्हणत उभ्या आणि पाऊस सुरू झाला तरी कबर पूर्ण भरेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. खणणारे दोघे या वेळी आडोशाला नव्हते, तिथेच होते, त्यांच्याही हातात कोणीतरी रमचे कप ठेवले. त्यामुळे "परदेशात" म्हणजे नक्की कोणाकडे, हाही एक प्रश्नच.

आणि गोऱ्यांच्यात या कामाला मोठा मान आहे असंही समजू नका. जानेवारी 1979 मध्ये लिव्हरपूलला 80 च्या आसपास कबर खणणाऱ्यांनी पगारासाठी संप केला. स्पीक भागातल्या एका कारखान्यात मयतं ठेवायची वेळ आली. आरोग्य अधिकाऱ्याला पत्रकारांनी विचारलं, महिनोन् महिने चाललं तर काय करणार, तर तो समुद्रात दफन करावं लागेल असं काहीतरी बोलून गेला, झालं, पेपरवाल्यांना तेवढंच हवं होतं. दोनेक आठवड्यांत 14 टक्के वाढीवर संप मिटला, पण "यांनी मेलेल्यांनासुद्धा सोडलं नाही" ही बोंब हुजूर पक्षाने पुढे कित्येक वर्षं मारली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच पक्षाच्या थॅचरबाई निवडून आल्या त्यात त्या हिवाळ्यात देशभर झालेल्या संपांचा वाटा होता असं आजही मानतात. म्हणजे ज्यांच्यावाचून अख्ख्या शहराचं अडलं त्यांच्या वाट्याला शिव्याच. तरी त्यांना संप करता आला, वाढ घेऊन परत कामावर जाता आलं. आपल्याकडे स्मशानातल्या माणसाने एक दिवस काम बंद ठेवून दाखवावं.

आपल्याकडे हे काम कोणाचं ते जन्माआधीच ठरलेलं. मयताची खबर पायी परगावी पोचवायची, स्मशानात लाकडं न्यायची, हे महारांचं काम, आणि मोबदला म्हणजे प्रेतावरचं कापड. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात या वतनाविरुद्ध, म्हणजे पिढीजात बांधून टाकलेल्या गावकामाविरुद्ध बिल आणलं, ही असली कामं सोडा म्हणून सभांमधून सांगितलं, वतन कायद्याने गेलं ते थेट 1958 ला. वतन गेलं, काम कुठे गेलं? ते कंत्राटावर गेलं. शहरातल्या कुठल्याही स्मशानात राबणाऱ्यांची आडनावं विचारून बघा. गावात तर कित्येक ठिकाणी अजून जातवार वेगळं स्मशान आहे, तिथे शेड कोणाच्या जागेत आणि चिखल कोणाच्या हे सांगायला नको. हरिश्चंद्र डोंबाघरी राबला म्हणून आपण पिढ्यानपिढ्या डोळे पुसतोय, कारण तो राजा होता. डोंबासाठी कोणी रडल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून इथलं सगळं उचला असं मात्र मी म्हणणार नाही. इथे आता अंत्यविधीच नको म्हणणारे वाढलेत, कंपनीवाले येऊन देह घेऊन जातात, कोणी हजर नसताना दहन उरकतं आणि राख घरी आणून देतात, टीव्हीवर दुपारी त्याच्या जाहिराती लागतात आणि जाहिरातीतले म्हातारा-म्हातारी चक्क खुशीत असतात. गावाकडे मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, दहा दिवस माणसांचा राबता, आत्या-मावश्या गळ्यात पडून मोठ्याने रडतात आणि रडता रडता "तू दोन घास खा गं" म्हणतात. सुतकातले भंपक नियम मलाही माहीत आहेत, आणि बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने 2022 ला केला तेव्हा मी इथे पेढे वाटले होते. पण ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला एकटं पडू द्यायचं नाही, हे त्या सगळ्या गोतावळ्यातलं खरं काम आहे आणि ते इथे प्रिंटरवर बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना जमत नाही. फक्त हा जिव्हाळा खांदा देईपर्यंतच टिकतो, पुढचं ज्याच्या हातात त्याला चहासुद्धा वेगळ्या कपात.

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "ताई, आता जेसीबीने पाच मिनिटांत होतं, माणूस लागतोच कुठे?" लागतो. इथेही जुन्या कबरींच्या दाटीत मशीन शिरत नाही, तिथे हातानेच खणावं लागतं, आणि दाहिनी गॅसची असो की विजेची, राख ओढून अस्थी वेगळ्या करून द्यायला माणूसच उभा असतो. आणि जेसीबीचंच म्हणाल तर त्याचा तासाचा रेट आपण आधी विचारतो आणि डिझेलसकट निमूट देतो. खणणाऱ्याच्या वेळी मात्र "द्या रे त्याला काहीतरी" म्हणत सगळे एकमेकांच्या खिशाकडे बघतात. ग्रामपंचायतीने त्याचं मानधन बजेटात घालावं, हातमोजे-बूट द्यावेत, स्मशान सगळ्यांचं एक करावं, आणि मग दहन की दफन यावर खुशाल वर्षभर भांडा.