जप्ती थांबवा म्हणणाऱ्यांना सप्रेम सूचना

‘आर्थिक संकट संपेपर्यंत घरांच्या जप्त्या थांबवा’ असं निवेदन घेऊन तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयावर निघालात, हे ऐकून बरं वाटलं. फक्त पत्ता एकदा तपासून घ्या. सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा बँकांना देणारा कायदा. त्याच्या कलम १४ खाली, कर्जदाराच्या घराचा ताबा बँकेला मिळवून देण्याचा आदेश याच साहेबांच्या सहीने निघतो (मुंबईसारख्या ठिकाणी दंडाधिकाऱ्यांच्या). तोही तीस दिवसांत, फार तर साठ. तुमच्या निवेदनाला अशी काही मुदत नाही. पोच मात्र लगेच मिळेल.

तर पहिली सूचना : घर वाचवायचं असेल तर माणूस राहू नका, कंपनी व्हा.

कोविडचं वर्ष आठवा. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि जूनमध्ये वटहुकूम काढून दिवाळखोरी संहितेत कलम १०अ घातलं गेलं. त्या तारखेपासून पुढे पैसे थकवले, तर त्यासाठी कंपनीला दिवाळखोरीच्या कोर्टात खेचायचं नाही. आधी सहा महिने, मग वाढवत वाढवत पूर्ण वर्ष. बरं, वर्ष संपल्यावर तरी? तेव्हाही नाही. त्या वर्षातल्या थकबाकीवरून असा अर्ज पुढे कधीच करता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. यामुळे कंपन्यांना फुकट खायची सवय लागेल, कर्जफेडीची शिस्त मोडेल, असं म्हणत टीव्हीवर कुणी घसा कोरडा केल्याचं मला तरी आठवत नाही.

तुम्हाला असा वटहुकूम मिळाला नाही. सरफेसी जागच्या जागी राहिला आणि तुम्हाला मिळाली हप्ते पुढे ढकलायची मुभा. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिने दिले, मे महिन्यात आणखी तीन. दयाळूपणाच. पण व्याजाने काही लॉकडाऊन पाळला नाही. तीस लाखांचं नवंकोरं कर्ज, आठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, हप्ता पंचवीस हजारांच्या आसपास, असं धरून हिशेब मांडा. सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात चढलं की कर्ज होतं एकतीस लाख बावीस हजार. हप्ता तोच ठेवलात तर २४० ऐवजी २६६ हप्ते. म्हणजे सहा हप्ते टाळण्याची किंमत, सव्वीस हप्ते. फोनवरची बाई ‘सर, तुम्हाला ही सवलत घ्यायचीय का?’ असं किती गोड आवाजात विचारत होती!

यावर आग्र्याचा एक गृहकर्जदार थेट सुप्रीम कोर्टात गेला. पाठोपाठ बिल्डर आले, वीज कंपन्या आल्या, आणि गृहकर्जदार गर्दीत मागे पडला. मग ऑक्टोबरमध्ये सरकारचं मन द्रवलं. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज परत. वरच्या उदाहरणात ही रक्कम होते दोन हजार रुपये आणि वर थोडी चिल्लर. कोर्टाने सप्टेंबर २०२० पासून नवी खाती बुडीत ठरवायला मनाई केली होती. तीही २३ मार्च २०२१ च्या निकालात उठली. मुदतवाढ नाही, पूर्ण व्याजमाफी नाही, आर्थिक धोरण ठरवणं हे सरकारचं काम. सरकारने ते आधीच ठरवून टाकलं होतं. बँकांनाही ठेवीदारांना व्याज द्यावं लागतं, हा मुद्दा तेव्हा बराच चालला. तो खोटा नाही. ठेवीदारांत तुमचे वडीलही आहेत. फक्त कंपन्यांची वेळ आली की वडील कुणाला आठवत नाहीत.

आता कायद्याशी ओळख करून घ्या, म्हणजे घोषणा नेमक्या होतील. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं बुडीत. मग साठ दिवसांची नोटीस. नोटिशीवर हरकत घ्या, जरूर घ्या. बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिलंच पाहिजे. मात्र त्या उत्तराच्या जोरावर तुम्हाला दाद मागता येत नाही, अशी सोय कायद्यानेच केली आहे. दिवाणी कोर्टाचं दार बंद. कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस, तेही बँकेने पाऊल उचलल्यावर. तिथे हरलात तर अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरा, फारच दया आली तर पाव. हप्त्याला पैसे नाहीत म्हणून ज्याचं घर चाललंय, त्याच्यासाठी हे उत्तम. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे हे खरं, पण बाल्कनीत मेथी पेरून सातबारा मागू नका. तलाठी ऐकत नाही.

भाषणात बाहेरचे दाखले टाळा. १९३३ च्या महामंदीत अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याचे गव्हर्नर विल्यम लँगर यांनी जप्तीचे लिलाव थांबवायला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे सैनिक, पाठवले. फौज कर्जदाराच्या बाजूने! मिनेसोटाने त्याच वर्षी जप्तीला मुदतवाढ देणारा कायदा केला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. कोविडमध्येही तिथल्या सरकारने आपला हात असलेल्या गृहकर्जांवरची जप्ती २०२१ च्या जुलैअखेरपर्यंत रोखली. हे सांगितलंत तर लोक म्हणतील, अमेरिका श्रीमंत आहे, तिला परवडतं. १९३३ ची अमेरिका किती श्रीमंत होती, हे मुळीच विचारू नका.

घरचा दाखला तर त्याहून नको. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, सारा चढलेलाच राहिला, आणि १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांत घुसले. त्यांना सावकाराचा जीव नको होता, रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, हवे होते. ते त्यांनी जाळले. चार वर्षांत इंग्रजांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, कर्जापायी तुरुंगवास बंद केला, आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला दिला. परक्या सरकारकडून अशी अपेक्षा ठेवता येत होती. शिवाय आता तुमच्या गहाणाची नोंद केंद्रीय नोंदणीच्या सर्व्हरवर असते. काडेपेटी घरीच ठेवा.

शेवटचं, शेजाऱ्यांबद्दल. अमेरिकेतल्या त्या मंदीत लिलावाला गावातले शेजारी जमायचे, एकेक सेंटची बोली लावून सगळं विकत घ्यायचे आणि मूळ मालकाला परत द्यायचे. बाहेरचा कुणी चढी बोली लावायला आलाच, तर काही ठिकाणी त्याला कोठाराला टांगलेला दोर दाखवत. आपला लिलाव ऑनलाइन, ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर. त्यात तुमचा थकलेला मेंटेनन्स नव्या मालकाकडून एकरकमी वसूल होतो. तेव्हा सोसायटीच्या कमिटीचा आंदोलनाला पाठिंबा कितपत टिकेल, याचा अंदाज खजिनदारांकडून आधीच घेऊन ठेवा.