फोन येणार नाही, हे माहीत असणं

नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातून मुलाचं खोकं आलं ते एका मंगळवारी. आत त्याची जीन्स, टी-शर्ट, बूट, मोजे. घरातून निघताना अंगावर होतं ते सगळं. जीन्सच्या उजव्या खिशाला आतून पिवळा डाग होता. माझ्या आईने साताऱ्याहून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पालीच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी पाठवली होती आणि निघताना मीच ती त्याच्या खिशात सारली होती. तिथे आत नेता आली नाही, म्हणून कपड्यांबरोबर परत आली. कागदाची घडी थोडी सुटली होती. मी ती जीन्स अजून धुतलेली नाही.

आमचा मुलगा 19 वर्षांचा आहे आणि अमेरिकेच्या नौदलात भरती झाला आहे. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी ग्रेट लेक्स नावाचं केंद्र आहे. 1911 साली सुरू झालेलं. नौदलात नव्याने भरती होणाऱ्या प्रत्येक शिपायाचं प्राथमिक प्रशिक्षण आता इथेच होतं. आमच्या घरापासून गाडीने साधारण तासाभराचं अंतर. तो पोचला त्या रात्री फोन आला. सुखरूप पोचलो, एवढं ठरवून दिलेलं वाक्य, आणि फोन बंद. मी 'जेवलास का' म्हणेपर्यंत पलीकडे कोणी नव्हतं. प्रशिक्षण 9 आठवड्यांचं. त्यात मोजके दोन-तीन फोन, आणि ते कोणत्या दिवशी, किती वाजता येतील हे आधी कळत नाही. बाकी सगळं पत्रांवर.

गावाकडच्या आणि पुण्याच्या आमच्या माणसांना हे काही केल्या पटत नाही. 'आईशीसुद्धा बोलू देत नाहीत? तुरुंग आहे का?' असं माझ्या मावसबहिणीने विचारलं. तिची मुलगी दिल्लीला शिकते आणि दोघी दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉलवर असतात, भाजी कोणती केली इथपासून. त्यात वाईट काही नाही, मीही तशीच होते. पण पहिले दोन आठवडे रडून झाल्यावर मला एक गोष्ट कळायला लागली, ती मी तिला अजून नीट सांगू शकलेले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

त्या पोरांना बाहेरच्या जगापासून तोडतात त्यामागे कारण आहे. एका तुकडीत ऐंशीच्या आसपास मुलंमुली, सगळी वेगवेगळ्या घरांतली. तिथल्या बराकीला जहाज म्हणतात, जमिनीला डेक म्हणतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून समुद्रावर आहोत असं समजून वागायचं. उद्या खरोखरच्या जहाजावर आग लागली तर शेजारचा कोण, त्याचा हात किती भक्कम, हे माहीत असायला हवं. जो मुलगा रोज रात्री आईला फोन करून 'आज मला ओरडले' असं सांगेल, तो शेजारच्या पलंगावरच्या मुलाला ते सांगणार नाही. माझ्या मुलाने पहिल्याच पत्रात तीन मुलांची नावं लिहिली. एक मिसिसिपीचा, एक टेक्सासचा आणि एकाचे आईवडील फिलिपिन्सहून आलेले. घरी असताना त्याच्या मित्रांची नावं मला विचारून काढावी लागायची.

म्हणजे शांतता मला पटली. आता दुसरी बाजू, आणि मला मुख्यतः तेच बोलायचं आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. आईचं लग्न 1970 साली झालं. पुढची कितीतरी वर्षं तिच्यासाठी नवऱ्याचा पत्ता म्हणजे नाव, नंबर, पलटण आणि शेवटी '56 एपीओ', म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. त्या पत्त्यावरून माणूस नेमका कुठे आहे, काही कळत नाही. कळू नये म्हणूनच तो पत्ता तसा असतो. 1971 च्या डिसेंबरात लढाई सुरू झाली, संपली, आकाशवाणीवर विजयाच्या बातम्या लागल्या, आणि आईला पाच आठवडे एक ओळ नाही. मग एक मनिऑर्डर आली. त्या फॉर्मच्या खालच्या बाजूला मजकुरासाठी चार बोटं जागा असायची. त्यात वडिलांनी लिहिलं होतं, 'मी खुशाल. बैलाला पेंड आणावी.' तो कपटा आईने पोथीत ठेवला होता. मी शाळेत असताना पाहिला आहे.

आमच्या साताऱ्यात असे कपटे घरोघर आहेत. अपशिंगे मिलिटरी या एका गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी 46 जण परत आले नाहीत. वाट बघणं हे आमच्याकडे तीन-चार पिढ्यांचं काम आहे, आणि ते बायकांनी केलं. पण त्या वाट बघण्याला कोणी कधी मुदत दिली नाही. आईला नुसतं एवढं जरी कोणी सांगितलं असतं की सहा आठवडे पत्र येणार नाही, घाबरू नका, तर ते पाच आठवडे तिने जसे काढले तसे काढले नसते.

मला इथे ती मुदत मिळाली. कोणत्या आठवड्यात पोहण्याची परीक्षा, कधी आग विझवायचा सराव, हे सगळं आधी माहीत होतं. शेवटी एक रात्रभराची परीक्षा असते, जवळजवळ 12 तासांची. इमारतीच्या आतच उभ्या केलेल्या नकली युद्धनौकेवर पाणी भरतं, धूर होतो, आणि मुलांनी रात्रभर ते निस्तरायचं. त्यात पास झालं की सकाळी डोक्यावरची प्रशिक्षणार्थीची टोपी बदलून नौदलाची टोपी मिळते आणि घरी फोन करू देतात. तो फोन कोणत्या आठवड्यात येईल हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. घरात कोणी अत्यवस्थ झालं किंवा गेलं तर रेड क्रॉसचा एक नंबर आहे, रात्री-अपरात्री लागणारा. ते हॉस्पिटलकडून खात्री करून घेतात आणि निरोप थेट मुलाच्या वरिष्ठांकडे पोचवतात. तिसऱ्या आठवड्यात आई चार दिवस हॉस्पिटलात होती. तो नंबर मी फ्रिजवर चिकटवलेला होता. फोन हातात घेतला, पण आईनेच अडवलं: 'पोराला कळवू नगंस. शिकू दे.' नंबर होता म्हणून मला थांबता आलं. नसता, तर मी त्या फाटकाशी जाऊन उभी राहिले असते.

फाटकाशी उभं राहणं ही नुसती बोलायची गोष्ट नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा अग्निवीर झाला, तेव्हा मध्ये सतरा दिवस त्याचा फोन आला नाही. भाऊ एसटीने, मग रेल्वेने, प्रशिक्षण केंद्रापर्यंत गेला आणि दिवसभर बाहेर थांबला. पोरगा ठीक होता, फक्त त्या तुकडीचा रविवारचा फोन शिक्षेपायी बंद केला होता. हे घरच्यांना कळवणं कोणाचं काम आहे, हे भावाला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळीकडे असंच असतं असं मी म्हणत नाही. पण भावाचे दोन दिवसांचे पैसे आणि रजा गेली, आणि वहिनी त्या सतरा दिवसांत किती जेवली ते मला माहीत आहे.

जून 2022 मध्ये अग्निपथ ही अग्निवीरांच्या भरतीची योजना जाहीर झाल्यापासून आमच्या नातेवाइकांत, मित्रांत या योजनेवरून वाद चालू आहेत. 4 वर्षं नोकरी, जास्तीत जास्त 25 टक्के मुलं पुढे कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही, बाहेर पडताना एकरकमी 11.71 लाखांच्या आसपास सेवा निधी, तोही निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला. आता माझा मुलगा इकडे भरती झाल्यावर योजनेची बाजू घेणाऱ्यांना मी पुरावा म्हणून सापडले आहे. 'बघ, अमेरिकेतही पहिला करार चार-सहा वर्षांचाच असतो ना? तिकडे कोणी ओरडतं का?' हे खरं आहे, आणि तरी ही तुलना मला मान्य नाही. इथे करार संपल्यावर पुढे राहायचं की नाही, हे बऱ्याच अंशी शिपाई स्वतः ठरवतो. चारातल्या तिघांना घरी पाठवायचं असं आधीच ठरलेलं नसतं. बाहेर पडला तर सरकारी विद्यापीठाची फी 36 महिन्यांपर्यंत सरकार भरतं. पेन्शनला इथेही साधारण 20 वर्षं लागतात, पण बाहेर पडणाऱ्या बावीस वर्षांच्या पोरासमोर वाट असते. आमच्या मुलाने सही केली त्यात कॉलेजच्या फीचा विचार होता, हे मी लपवत नाही. परदेशातली एक ओळ उचलून वादात फेकायची आणि तिच्या खालचा सगळा कागद सोडून द्यायचा, हे मला त्रास देतं. आणि त्या वादात पगार येतो, पेन्शन येते, राजकारण तर येतंच. भरती झालेल्या पोराची आई कुठेच येत नाही.

शाळेच्या ग्रुपवरच्या एका मित्राने वेगळाच प्रश्न विचारला. 'लढायचंच होतं तर आपल्या देशासाठी लढायचं.' मी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मुलगा इथे जन्मला, इथेच वाढला, हा देश त्याचा आहे; माझं माहेर तिकडे आहे म्हणून त्याचा देश बदलत नाही. 1944 मध्ये इटलीत लढताना पडलेले यशवंत घाडगे मराठ्यांच्याच पलटणीत होते आणि ते ब्रिटिशांचं सैन्य होतं, आपण त्यांचा अभिमान बाळगतोच. पण मित्राच्या प्रश्नाने दुखलं, कारण त्याची किंमत खरी आहे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं ओसीआय कार्ड परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला मिळत नाही. आम्ही मुलाचं काढायचं आज-उद्या करत राहिलो, आता ते निघणार नाही. आजीला भेटायला त्याला दर वेळी व्हिसा काढावा लागेल. हे मी आईला सांगितलेलं नाही.

शेजारी एक बाई आहेत, त्यांचे दोन्ही मुलगे सैन्यात होते. त्यांनी मला शिकवलं की रोज लिहायचं, पत्रांवर क्रमांक घालायचा म्हणजे मागेपुढे पोचली तरी त्याला लावता येतात, आणि छोट्या गोष्टी लिहायच्या. मी लिहिते. गणपतीला उकडीचे मोदक फुटले ते लिहिलं. महाराष्ट्र मंडळात आरतीला त्याचा ढोल दुसऱ्या मुलाने वाजवला ते लिहिलं. त्याची दोन पत्रं आली आहेत. दुसऱ्यात एक वाक्य आहे: 'आई, आता मी कपड्यांच्या घड्या तुझ्याहून चांगल्या घालतो, कोपरे तपासतात.' बाकी अर्धं पान जेवणाबद्दल.

हे पत्र मी आईला फोनवर मराठी करून वाचून दाखवलं. तिने दोनदा ऐकलं. मग म्हणाली, पत्ता सांग. मी म्हटलं, मीच लिहिते तुझ्याकडून. नाही, तिला स्वतःला लिहायचं होतं. एकेक इंग्रजी अक्षर मी सांगितलं, तिने भाच्याकडून कागदावर उतरवून घेतलं आणि त्यावरून लिफाफ्यावर स्वतःच्या हाताने गिरवलं. जहाजाचा नंबर, तुकडीचा नंबर, मग ग्रेट लेक्स. 'एपीओ नाही का यात?' असं विचारलं. नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणाली.

साताऱ्याहून ते पत्र इथे पोचायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर मुलगा ग्रेट लेक्समधून बाहेर पडलेला असेल. मी तिला तारखा सांगितल्या. ती म्हणाली, 'पोचायचं तवा पोचंल. पाठवलंय, एवढं त्याला लिही तू.'

आजच्या पत्रात लिहिलं आहे. क्रमांक 38.