उंबरा तंजावरच्या भोसल्यांचा

नाताळ जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो माझ्याकडे तीन गटांतून आला. सार असं: प्रॉटेस्टंट मिशनरी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीबरोबर भारतात आले, तिच्याच जिवावर जगले, शाळा काढल्या त्या इंग्रजी बोलणारे कारकून घडवायला, आणि मराठी राजांनी त्यांना उंबऱ्याशीसुद्धा उभं केलं नाही.

पहिल्याच वाक्यात देश चुकलाय. ९ जुलै १७०६ रोजी तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला, डेन्मार्कच्या व्यापारी ठाण्यात, दोन जर्मन उतरले, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्लूट्शाउ. पंथ ल्युथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्युथरला मानणारा प्रॉटेस्टंट पंथ, आणि पाठवणारा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक. इंग्रजी कंपनीच्या हद्दीत मिशनऱ्यांना सनदेने वाट मोकळी झाली ती १८१३ साली. म्हणून तर विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने १८०० साली डॅनिश अंमलाखालचं श्रीरामपूर गाठलं (नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं).

कंपनीच्या जिवावर? तरंगमबाडीच्या डॅनिश गव्हर्नरने त्सीगेनबाल्गला १७०८ साली डान्सबोर्ग किल्ल्यात डांबलं, चार महिने. व्यापाऱ्यांना व्यापार हवा होता, आणि हा माणूस त्यात लुडबुड करत होता.

आता शाळा. त्सीगेनबाल्गने तमिळ शिकायला एका म्हाताऱ्या पंतोजीला गाठलं आणि पंतोजीची शाळाच आपल्या घरी आणवली. पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवायची, आणि त्यांच्या रांगेत मांडी घालून हा विशीतला जर्मनही अक्षरं गिरवायचा. पुढे त्याने ल्युथरची ख्रिस्ती शिकवणीची छोटी प्रश्नोत्तरी तमिळमध्ये आणली, १७०७ मध्ये मुलींसाठी शाळा काढली, आणि १७१५ मध्ये नवा करार तमिळमध्ये छापून पुरा झाला. छपाईचे तमिळ खिळे आधी जर्मनीतल्या हाल्ले गावात पाडले होते. (तमिळमधलं हे पहिलं छापील पुस्तक मात्र नव्हे. तो मान सोळाव्या शतकातल्या जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांचा.) यामागे धर्मांतराचा हेतू होताच, तो त्यांनी कधी लपवलाही नाही. पण कारकून? ल्युथरने १५२४ मध्येच जर्मन नगरपालांना मुलामुलींसाठी शाळा काढा म्हणून पत्र लिहिलं होतं. शास्त्र ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचायचं असेल तर आधी वाचता यायला हवं, इतका साधा हिशेब.

फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य आहे, ते नंतरच्या काळाबद्दल. १७८५च्या सुमारास तंजावर, रामनाड आणि शिवगंगा इथे इंग्रजी शाळा निघाल्या, त्यांना कंपनीने पैसे दिले, आणि त्यामागे श्वार्ट्झ हा ल्युथरन पाद्रीच होता. १७७९ मध्ये मद्रास सरकारचा दूत म्हणून हैदर अलीकडेही तोच गेला होता. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऐंशी वर्षांनंतरची गोष्ट उचलून पहिल्या दिवसावर चिकटवायची, हा काही इतिहास झाला नाही.

आणि तो उंबरा. तरंगमबाडीचं ठाणं डॅनिशांचं, पण मुलूख तंजावरच्या राज्यातला, आणि १७०६ साली तंजावरच्या गादीवर होता शहाजी, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचा मुलगा. पुढे त्याच घराण्यातल्या तुळजाजीने मरणापूर्वी आपला दत्तक मुलगा सरफोजी याला श्वार्ट्झच्या हवाली केलं. चुलता अमरसिंग पोराला जाच करायला लागला तेव्हा श्वार्ट्झने ते प्रकरण लावून धरलं, आणि १७९३ साली मुलाची रवानगी मद्रासला झाली. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसला, जन्मभर हिंदूच राहिला, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास कोरवला, तोही मराठीत.

श्वार्ट्झही १७९८ मध्येच वारला. सरफोजीने त्याच्यासाठी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे. पाद्री खाटेवर पडलाय, आणि त्याचा हात हातात घेऊन शेजारी भोसले उभे आहेत.