टायर घरीच बदला, दीडशे रुपये वाचवा

मंडळी, टायर बदलायला दुकानात जाणं हा निव्वळ भोळेपणा आहे. असं माझे साडू म्हणतात, आणि साडूंनी मोबाईलवर तब्बल दीड व्हिडिओ बघितलाय. गेल्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये त्यांनी माझ्या जुन्या स्प्लेंडरचा पुढचा टायर बदलून दिला. दुकानवाला १५० मागत होता. तर तुम्हीही शिकून घ्या.

टायर ऑनलाईन घ्या, स्वस्त पडतो. बाजूला चार आकडे असतात तिकडे बघायचं नाही. माझ्यावर ३१२० होतं, म्हणजे २०२० सालचा एकतिसावा आठवडा. लोणचं मुरलं की चांगलं लागतं, टायरचंही तसंच असणार.

टायर लिव्हर, म्हणजे टायर रिमवरून उचकटायची ती चपटी पट्टी, विकत घेऊ नका. घरात स्क्रूड्रायव्हर आहे ना.

जुना टायर रिमवरून सुटत नसेल तर शेजाऱ्याची अ‍ॅक्टिव्हा आणून तिचा साईड स्टँड त्यावर दाबा. शेजाऱ्याला विचारत बसू नका.

नवीन टायरवर पिवळा ठिपका दिसला तर पेट्रोलने पुसून टाका. ती टायरची हलकी जागा असते, ती वॉल्वजवळ आणायची असते वगैरे, पण डाग दिसतो ना तो. चाक कुठल्या दिशेने फिरायचं ते दाखवणारा टायरवरचा बाणही असाच, शोभेला. आमचा उलटा बसलाय.

आता बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. साडूंनी चाक हातात धरलं, एक डोळा मिटला, गर्रकन फिरवलं आणि म्हणाले, "एकदम सेंटर." झालं! अहो, ब्रेकची प्लेट काढायची, दोन स्टुलांवर एक्सल टेकवायचा आणि चाक सोडून द्यायचं, जड बाजू आपोआप खाली येते, तिच्या बरोब्बर समोर वरच्या बाजूला स्पोकला ५-१० ग्रॅम वजन लावायचं, परत फिरवून बघायचं, कुठेही सोडलं तरी तिथेच थांबलं की झालं काम, मशीन नको काही नको, अर्धा तास लागतो, पण ह्यांचा चहा गार होत होता! आणि दुकानवाले तरी काय, त्यांना म्हटलं की "साहेब, ते कारला असतं, बाईकला कोण करतं?" म्हणजे बाईकवाला पडला तर कापसावर पडतो का रे?

बुधवारी पोरीला मागे बसवून साताऱ्याला निघालो. शिरवळच्या पुढे हँडल जे थरथरायला लागलं ते थांबेचना. मीटर शून्यावर, कारण मीटरचा गिअर खाचेत न बसवताच एक्सल आवळलेला, त्यामुळे किती स्पीडला थरथरतंय तेही कळेना. बाजूला घेईपर्यंत पुढचं चाक बसलं. ढकलत नेलं. पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढली, दोन चिरा, दोन्ही स्क्रूड्रायव्हरच्या टोकाएवढ्या. त्याने एकदा ट्यूबकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि विचारलं, "कुणी बसवला हो हा?" मी पाणी पीत राहिलो. ४५० गेले.

साडूभाऊ, राग येऊ द्या, पण पुढचं चाक आहे ते, सायकलची घंटी नाही! माझी पोरगी बसली होती मागे. ट्यूब आत घालायच्या आधी तिच्यात थोडी हवा भरायची म्हणजे ती पिळत नाही आणि लिव्हरखाली सापडत नाही, हे ठाऊक नव्हतं तर हात कशाला घातलात? साबणाचं पाणी लावा म्हटलं तर म्हणे गरज नाही. आणि मीही तसलाच, टॉर्च धरून उभा होतो, दीडशे वाचणार म्हणून खूश. आणि "आम्ही पण ट्राय करतो" म्हणणारे तुम्ही, येत नसेल तर त्या माणसाला गुपचूप पैसे द्या आणि समोर उभं राहून बघा तो काय करतो ते.

साडूभाऊ, पार्किंगमध्ये एक वॉशर सापडलाय. कुठला आहे तो?