‘एक भोक, एक नळी, दोन वायरी’ : बो थ्रस्टर इतका स्वस्तात बसत नाही

छोट्या बोटीवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय: बो थ्रस्टर घरीच बसवा. एक भोक पाडा, नळी चिकटवा, दोन वायरी जोडा. शनिवारी सुरू केलं की रविवारी बोट पाण्यात. बो थ्रस्टर म्हणजे नाळेजवळ (बोटीच्या पुढच्या टोकाशी), पाण्याखाली आडव्या नळीत बसवलेला विजेवरचा पंखा. बटण दाबलं की बोटीचं तोंड डावीउजवीकडे सरकतं आणि वाऱ्यात जेटीला लागणं सोपं होतं. वस्तू उपयोगी आहे, वाद बसवण्याबद्दलच आहे.

‘एक भोक.’ दोन, आणि तीही समोरासमोर. नाळेकडे बोटीच्या बाजू तिरक्या असतात, त्यामुळे गोल नळीसाठी छेद लंबगोल लागतो. दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं पाडून आरपार सळई घालायची आणि तिच्यावर खूण करणारा दांडा फिरवून आखायचं, तेव्हा तो बरोबर येतो. खरी डोकेदुखी जागेची. नळी जितकी पुढे, तितका तोच पंखा बोट जास्त वळवतो. पण नळीचा वरचा काठ पाण्याच्या रेषेखाली निदान अर्धा व्यास हवा, पाऊण असेल तर उत्तम. नाहीतर पंखा हवा ओढतो आणि नुसता आवाज करतो. वेगाने धावणाऱ्या छोट्या बोटींचा तळ पुढे वर उचललेला असतो, म्हणजे पुढे सरकावं तर खोली संपते. त्यात चार माणसं मागे बसली की तोंड आणखी वर. काही बोटींत योग्य जागा मिळतच नाही. मग बाहेरून टांगायचा थ्रस्टर बघावा, किंवा नाद सोडावा.

‘नळी सीलंटने चिकटवा.’ हे वाचून कुठल्याही फायबरवाल्याच्या कपाळावर आठी पडेल. नळी तळाचाच भाग व्हायला हवी: जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) आणि रंग घासून काढायचा आणि आतून मॅट-रेझिनचे, म्हणजे राळेत भिजवलेल्या काचतंतूंच्या कापडाचे थर द्यायचे. तळ सँडविच असेल, म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये फोमचा किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा असेल, तर छेदाभोवतीचा तो गाभा कोरून तिथे भरीव फायबर करायचं, नाहीतर पाणी आतल्या आत पसरत जातं. 125 मिमीची नळी पाण्याखाली फूटभर खोलीवर उपटली, तर त्या एका भोकातून मिनिटाला हजार लिटरच्या आसपास पाणी आत येईल. छोट्या बोटीचा बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) त्यापुढे काय करणार?

‘ओहोटीत बोट कोरडी पडली की उरकून घ्या.’ भरती सहा-सव्वासहा तासांत परत येते. ओल्या, खारट फायबरवर रेझिन नीट धरत नाही, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तर हे काम काढूच नये.

‘दोन वायरी.’ 25-30 किलोचा जोर देणारा लहान थ्रस्टर 12 व्होल्टवर 200 अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरी मागे आणि पंखा सात मीटर पुढे असेल तर जाऊन-येऊन 14 मीटर तांबं झालं. 16 चौरस मिमीची केबल टाकली तर तीनेक व्होल्ट वाटेतच जातात. मोटर रडते आणि केबल तापते. 95 चौरस मिमीत हीच घट अर्ध्या व्होल्टवर येते. म्हणून जाड केबल टाका किंवा नाळेजवळ वेगळी बॅटरी द्या. बॅटरीलगत योग्य फ्यूज आणि हाताशी मेन स्विच हवाच. एवढं करूनही मोटर सलग दोन-तीन मिनिटांपलीकडे चालवायची नसते.

पेट्रोल बोटींचं तर त्या सल्ल्यात नावही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. आणि थ्रस्टरच्या साध्या मोटरचे ब्रश ठिणग्या उडवतात. तिथे ठिणगी बाहेर न पडणारी, तशी प्रमाणित मोटरच हवी. शिवाय आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन स्वतःच वळतं आणि जोराची दिशा बदलतं. सहा-सात मीटरच्या अशा बोटीला थ्रस्टर लागतोच असं मला वाटत नाही. एक दोर नीट लावता आला तरी बरंच भागतं.

स्वतः करण्यासारखं उरतं ते असं: केबल ओढणं, बटणाचं पॅनेल, मोटर बसवणं, दरवर्षी थ्रस्टरच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा अ‍ॅनोड बदलणं आणि रंग देताना त्या अ‍ॅनोडवर ब्रश न फिरवणं. छेद आणि फायबर मात्र कारागिराकडे, बोट किनाऱ्यावर चढवून, छपराखाली.