बंकर बस्टर आणि आमच्या परड्यातली बोअर

वाडीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला, आता गप्प बसवत नाही. म्हणे अमेरिकेचा बंकर बस्टर (जमिनीखालचे तळ फोडायचा बॉम्ब) म्हणजे छोटा अणुबॉम्बच, त्याला रॉकेट असतं, कसल्याही खडकात 60 मीटर घुसतो आणि इराणच्या फोर्डोवर, म्हणजे डोंगराखालच्या अणुकेंद्रावर, एकच टाकला तर डोंगर आतून साफ. काका, रागावू नका, पण यातलं एकही धड नाही.

अणुबॉम्ब नाहीच. जीबीयू-57 हे त्या बंकर बस्टरचं नाव, त्यात साधीच स्फोटकं, साधारण 2,400 किलो. अख्ख्या बॉम्बचं वजन 13,600 किलोच्या आसपास, म्हणजे बाकी बहुतेक सगळं पोलादी कवचच. रॉकेटबिकेट काही नाही हो, बी-2 या अमेरिकन बॉम्बफेकी विमानातून उंचावरून सोडतात, जीपीएसवर शेपटीचे पंख दिशा धरतात, आणि फ्यूज असा लावलेला की आत घुसल्यावरच फुटायचं.

आता 60 मीटर. आकडा अमेरिकन हवाई दलाचाच आहे, 200 फूट, पण "कसल्याही खडकात" हे शेपूट फॉरवर्डवाल्याने लावलं. आमच्या परड्यात बोअर मारली तेव्हा बघायला यायचं होतं तुम्ही, जांभा होता तोवर लाल माती भसाभस वर येत होती आणि गाडीवाला निवांत चहा पीत उभा, पण खाली काळा दगड लागला तशी राखाडी भुकटी उडायला लागली, मशीन कण्हायला लागलं आणि एकेक रॉड जायला किती वेळ लागला म्हणून सांगू, गाडीवाला पण गप्प झाला. बॉम्बचंही तेच, मऊ मातीत खोल, कडक खडकात त्याच्या कितीतरी कमी.

आणि एकात काम होतं, तर 22 जून 2025 ला सात बी-2 मधून 14 बॉम्ब कशाला टाकले? त्यातले 12 एकट्या फोर्डोवर, दोन नतांझ या दुसऱ्या अणुकेंद्रावर. फोर्डोचे हॉल डोंगराखाली 80-90 मीटरवर आहेत असं सांगतात, म्हणून तर हवा खेळवायच्या दोन शाफ्टवरच नेम धरून एकामागोमाग एक सोडले. पहिल्याने वाट केली, मागच्याने त्याच वाटेने जायचं.

बरं, फॉरवर्डमधला फोटोही दुसऱ्याच बॉम्बचा. तो मोअ‍ॅब नावाचा अमेरिकेचाच दुसरा मोठा बॉम्ब, 2017 मध्ये अफगाणिस्तानात टाकलेला. दोघांच्या शेपटीला जाळीदार पंख, म्हणून गल्लत होते, पण मोअ‍ॅब मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून ढकलतात आणि तो जमिनीत शिरतच नाही, वरच्यावर फुटतो. काका, निदान फोटो तरी डिलीट करा.